समुद्रराणी आणि आशाबाईचं बेणं

१४ नोव्हेंबर २०१९
बोट आली! दोन इंजिनांची, आत झोपायची केबिन. अलिबागकडच्या शेठनं स्वस्तात सोडली. ट्रेलरवाला वाट चुकून वाशीमकडून आला. कनेरगाव नाक्यावर ढाबेवाल्यानं विचारलं म्हणे, हा लग्नाचा देखावा कुठं चालला. अडाणी लेकाचे.
आशाबाईनं बोटीला एक चक्कर मारली अन् विचारलं, हे काहून आणलं? म्हणलं, तुला माहेरी न्यायला. तिचं माहेर इसापूर धरणाच्या पलीकडं. एसटीनं वळसा घालता घालता दिवस जातो. बोटीनं सरळ. येत्या संक्रांतीला माहेरी बोटीनंच. फायनल.

१६ नोव्हेंबर
पूजा झाली. नारळ फोडला, इंजिनांच्या दोन्ही पंख्यांखाली लिंबू ठेवले. पेंटरनं 'समुद्रराणी' झकास लिहिलं. गावानं आता कॅप्टन म्हणावं. कुणी म्हणलं न्हाई अजून. लाजतात.

१५ जानेवारी २०२०
संक्रांत. आशाबाई एसटीनं गेली. डाव्या इंजिनानं ऐन वेळी दगा दिला. उजवं ठणठणीत हाय. म्हणून तर दोन घेतली.

९ मार्च २०२१
डावं चालू झालं. उजवं बंद. बोट खळ्यात उभी, अन् हळद वाळवायला जागा न्हाई म्हणून आशाबाईची कटकट. बोटीच्या आजूबाजूनं वाळव म्हणलं. डेकवर कोंबड्या चढतात. शिस्त लावणार.

२२ जुलै २०२२
बोटीत गुडघाभर पाणी. बादलीनं उपसलं, कंबर धरली. आशाबाई म्हणे, बोट पाण्याकडं जाईना म्हणून पाणीच भेटायला आलं. हसलो न्हाई.

१८ मार्च २०२३
केबिनमधी आशाबाईनं हळदीचं बेणं भरलं, पुढच्या लागवडीचं. गार जागा हाय म्हणे. तात्पुरतं म्हणून परवानगी दिली. मी मोबाईलवर बोट धक्क्याला लावायचा व्हिडिओ बघत होतो, तेवढ्यात ती हवा खेळायला खालून भोकं पाडू का असं कायतरी विचारून राहिली होती. पाड म्हणलं. अभ्यासात डिस्टर्ब नको.

३० जुलै २०२३
एवढा पाऊस झाला, बोटीत थेंबभर पाणी साचलं न्हाई! जुनी बोट मुरली की अशीच होते. क्वालिटी.

११ फेब्रुवारी २०२५
आज भांडण. आशाबाई म्हणे, हळद शिजायच्या आत बोट पाण्यात न्हाई गेली तर भंगारवाला बोलावते. माहेरी भावजया विचारतात, बोट कुठंवर आली? मी किती वर्षं हसून वेळ मारू? एवढं बोलून चुलीकडं तोंड करून बसली. मी खळ्यात जाऊन डेकवरच्या कोंबड्या हाकलल्या.
आता माघार न्हाई.

२४ फेब्रुवारी
आखाडा बाळापूरहून हिरासिंग आला. ट्रॅक्टरचा मेकॅनिक, पण हात सोन्याचा. दोन्ही इंजिनं चालू! फक्त एक पंखा उजवीकडं फिरतो, दुसरा डावीकडं. अलिबागवाल्यानं फसवलं. मी म्हणलं, एका जोडीचे बैल दोन दिशेला चालतात का? हिरासिंगला ते पटलं. त्यानं गिअरबॉक्स खोलून एक पंखा बराबर करून दिला. पण त्याची पाती उलट्या वळणाची हायेत, नवा पंखा बसवा म्हणत होता. म्हणलं, हायेत तेच भारी.

२ मार्च, दुपार
लिहायची इच्छा न्हाई, पण लिहितो.
धरणावर गाव लोटलं. आशाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. मेहुणा भागवत मुद्दाम पलीकडून आलेला, तो काठावरच उभा. समुद्रराणी पाण्यात उतरली, तरंगली! डोळे भरून आले. दोन्ही इंजिनं पुढं टाकली.
बोट जागच्या जागी गरगर फिरून राहिली. एक पंखा पुढं ओढी, दुसरा मागं. भागवत ओरडला, दाजी, हळद पॉलिश करायचा ड्रम हाय का हा? मी म्हणलं, टर्न प्रॅक्टिस चालू हाय. तेवढ्यात पाय ओले झाले.
वाकून बघतो तर तळाला भोकं. कुणी पाडली म्हणून ओरडलो. आशाबाई डबा डोक्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरली अन् म्हणे, तुमीच पाड म्हणले नं, हवा खेळायला. समुद्रराणी काठालाच बसली. पोळ्या भागवतनं खाल्ल्या.

५ मार्च
ट्रॅक्टरनं बोट ओढून खळ्यात आणली. भंगारवाला येणार म्हणून पेंटरनं लिहिलेल्या नावावरून हात फिरवून घेतला. आशाबाई म्हणे, भंगारात काहून? बेणं कुठं ठेवू मग? असलं निरोगी बेणं पंचक्रोशीत न्हाई कुणाचं.
मी पयलेच म्हणलं होतं, बोट कामाची हाय.

२० मे
सकाळी एका गिऱ्हाइकाचा फोन. बोटीतलं बेणं पाहिजे म्हणे. म्हणलं, कॅप्टन बोलून राहिलो. तो म्हणे, बोटवाल्या बाईला द्या.

२६ मे
बेणं विकून आलेल्या पैशातून आशाबाईनं स्पेशल गाडी केली अन् माहेरी गेली. गाडी धरणाला वळसा घालूनच गेली, पण पैसा बोटीचा. म्हणजे हिशोबानं ती बोटीनंच माहेरी गेली. बोललो ते करून दाखवलं.
लगेच फोन करून तिला हे समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणे, केबिनमधी राहिलेल्या बेण्यात उंदरं शिरतात, राखणीला तिथंच झोपा.