पिल्लांसमोर बोलायचं नाही

४ मार्च
आजपासून रोज डायरी लिहायची. कारण आजपासून बोलायचं नाही.

सकाळी मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्राणिसंग्रहालयाच्या डायरेक्टर. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण खुर्ची मोठी. म्हणाल्या, क्रौंच प्रकल्पात माणूस कमी पडतोय, तुम्ही या. मी इथला सगळ्यात जुना गाईड. शाळांच्या सहली, पेन्शनर मंडळी, परदेशी पाहुणे, सगळ्यांना मीच फिरवतो. माझ्या आवाजाला माईक लागत नाही. बाई म्हणाल्या, "तुम्हाला गप्प बसता येईल का, एवढंच सांगा." मी म्हटलं, मॅडम, गप्प बसणं ही माझी मूळ आवड. संधी मिळाली नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. छाप पडली असावी.

प्रकल्प असा. आमच्याकडे पांढऱ्या क्रौंचांची जुनी जोडी आहे. बाहेर हा पक्षी जवळजवळ संपलाय. जोडीची अंडी इनक्युबेटरमध्ये उबवायची, पिल्लं वाढवायची, थंडीआधी मोठ्या तळ्यावर सोडायची. अट एकच. पिल्लांना माणूस कळता कामा नये. माणसाचा लळा लागलेला पक्षी बाहेर गेला की माणसं असतील तिथे जातो. रस्त्यावर, अंगणात, कुत्र्यांच्या तोंडात. म्हणून सांभाळणाऱ्यानं नखशिखांत पांढरा झगा घालायचा, हातावर क्रौंचाचं खोटं डोकं चढवायचं आणि पिल्लांसमोर एक अक्षर बोलायचं नाही.

घरी बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, ही ड्युटी घरीपण लागू आहे का?

७ मार्च
झगा मिळाला. चेहऱ्यावर काळी जाळी. आरशासमोर उभा राहिलो. आत कोणी आहे असं वाटेना. हात हलवला तेव्हा जरा बरं वाटलं.

जोडीदार म्हणून एक जाडा माणूस दिलाय. तो मुळातच बोलत नाही. मी त्याला मौनीबाबा म्हणतो. अशा माणसाला गप्प राहण्याचं काय श्रेय? खरी साधना माझी.

१६ मार्च
चारही अंडी फुटली! पिल्लं मातकट, पाय म्हणजे नुसत्या काड्या. नावं ठेवायची नाहीत, पायातल्या कड्याचा रंग तेच नाव. लाल, निळा, हिरवा, पिवळा. हातातल्या खोट्या चोचीनं अळ्या भरवल्या. अभिमानानं ऊर भरून आला. कोणाला सांगता येईना.

२१ मार्च
लेक गेली. दुसऱ्या शहरात नोकरी, खोलीही बघून ठेवली होती. आम्हाला आयत्या वेळी सांगितलं. स्टेशनवर मी तिला समजावत होतो की नव्या जागी कसं राहावं, भाडेकरार कसा वाचावा, कुकरची रिंग कधी बदलावी. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ऐकत नाही. नुसतं सांगता." गाडी हलली. अर्धा मुद्दा राहिलाच.

रागात म्हणाली असणार. फोन करेल.

२४ मार्च
पिवळा खात नाही. बाकीचे त्याला टोचतात. डॉक्टरबाईंनी सकाळी इंजेक्शन दिलं, म्हणाल्या आशा धरू नका. मौनीबाबा बाकीच्या तिघांना घेऊन मागच्या कुंपणात गेला. मी आणि पिवळा दोघंच. तो पापण्या मिटून पडला होता. मी जाळीतून म्हटलं, "खा रे बाळा. एक घास खा."

त्यानं डोळे उघडले. खाल्लं!

हे बोलणं नव्हे. हा औषधोपचार. इंजेक्शनचा काही संबंध नाही, ते सकाळीच दिलं होतं.

२८ मार्च
पिवळा सुधारतोय. रोज थोडंसंच बोलतो. अगदी हळू. डोस हळूहळू कमी करायचा असं ठरवलंय. एकदम बंद केला तर पिल्लाला धक्का बसेल.

९ एप्रिल
डोस कमी करायला पुढच्या सोमवारपासून सुरुवात.

आज त्याला लेकीबद्दल सांगितलं. फोन करते, पण आईला. मी घेतला की म्हणते, बाबा, मीटिंग आहे. पिवळा मान वाकडी करून ऐकतो. मधे बोलत नाही. इतका चांगला श्रोता मला या नोकरीत मिळाला नव्हता.

३ मे
साडूभाऊ जेवायला. त्यांचं नेहमीचंच. म्हणे प्राणिसंग्रहालय म्हणजे तुरुंग, तिकीट लावलेला. मी जेवण होईपर्यंत त्यांना समजावलं. की बाहेर पाणथळ जागा बुजल्या, तिथे इमारती झाल्या, आज या पक्ष्याची शेवटची अंडी आमच्याकडे आहेत, आम्ही नसतो तर फक्त फोटो उरले असते. साडू म्हणाले, मान्य. पण तुमच्या हातचं पिल्लू बाहेर जगेल का?

मी म्हटलं, आमच्या हातचं नाहीच ते. त्याला आमचे हात माहीतच नाहीत.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी भात वाढून घेतला.

१८ जून
विचित्र प्रकार. मी बोललो की पिवळा हल्ली बारीक शीळ घालतो, ती मला नको तिथे ऐकू येते. बाथरूमच्या नळात. लिफ्टच्या दारात. लेकीला फोन लावला, रिंग वाजत होती, त्या रिंगच्या मागे शीळ. मी फोन ठेवला. वय झालं की कानात आवाज येतात. डॉक्टरांना दाखवायचं.

काल संध्याकाळी बायको किंचाळली. मी म्हणे स्वयंपाकघराच्या दारात कधीचा उभा होतो, न बोलता, हातावर खोटं डोकं चढवल्यासारखा हात कोपरात वाकवून. "पाणी हवं होतं तर मागायचं ना," म्हणाली. मागितलं नव्हतं का मी?

११ जुलै
उडायचं शिकवणं सुरू. झगा घालून, दोन्ही हात पसरून माळावर पळायचं. गुडघे संपले. लाल, निळा, हिरवा उडाले. पिवळाही उडाला, आणि चक्कर मारून माझ्या पायाशी उतरला. हुशार आहे. बाकीच्यांपेक्षा दिशेचं ज्ञान जास्त.

बोलणं सोमवारपासून पूर्ण बंद.

२० ऑगस्ट
आज साध्या कपड्यांत पिल्लांच्या आवाराच्या भिंतीबाहेर डॉक्टरबाईंशी बोलत होतो. आतून पिवळ्यानं शीळ घालायला सुरुवात केली. मी बोलायचा थांबलो, तो थांबला. मी बोललो, तो सुरू. डॉक्टरबाईंनी विचारलं काय झालं. खोकलो. त्या गेल्यावर भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. आतल्या बाजूनं भिंतीवर चोचीची टकटक ऐकू येत होती. मी हललो की टकटकही पुढे सरके.

५ सप्टेंबर
वाईट दिवस.

सोडण्याआधी पक्ष्यांना माणसांची दहशत बसवतात. साध्या कपड्यांत समोर जायचं आणि ओरडायचं. बाई म्हणाल्या, या कामाला तुमच्याच आवाजाचा माणूस पाहिजे. नाही कसं म्हणू? आधी मौनीबाबानं डबा बडवला. चौघंही पळाले, पिवळा सगळ्यांत पुढे. मला हायसं वाटलं. मग मी पुढे झालो, छातीत हवा भरली आणि जन्मात ओरडलो नसेन असा ओरडलो. "हाट! निघ! चालता हो!"

तिघं उडाले. पिवळा वळला आणि पंख पसरून माझ्याकडे धावत आला.

मी आणखी मोठ्यानं ओरडलो. तो आणखी जोरात धावला. येऊन पँटच्या खिशात चोच घालू लागला.

मी म्हटलं, घाबरून दिशा चुकला बिचारा.

बाईंनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "कोणी बोललं होतं का याच्याशी?" मी म्हटलं, मौनीबाबा काम करताना गुणगुणतो. हे अगदीच खोटं नाही. माणूस गुणगुणत असणारच. बाई म्हणाल्या, पिवळ्याला मागे ठेवू. मी म्हटलं, मॅडम, उरलेत किती? एकेक पक्षी मोलाचा. माझी खात्री आहे, तळं दिसलं की सगळं विसरेल. तो मागे राहिला असता तर रोज सगळ्यांसमोर माझ्याकडे धावत आला असता, हा विचार माझ्या मनात नव्हता.

बाईंनी यादीत पिवळ्यापुढे खूण केली. मग म्हणाल्या, ठीक आहे.

८ सप्टेंबर
मौनीबाबाची बदली धान्य-चारा कोठारात. सामान नेताना भेटला. काही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही म्हणा. उद्या बाईंना भेटून विषय काढायचा.

२६ सप्टेंबर
सोडले! तळ्यावर धुकं. झग्यात उभा होतो. लाल, निळा, हिरवा लव्हाळ्यांच्या पलीकडे गेले. पिवळा झग्याला खेटून उभा. बाईंनी खूण केली की आता मागे फिरा, बोलू नका. मी फिरलो. मागून शीळ आली. खूप वेळ येत होती. मी वळलो नाही. याचं कोणी कौतुक केलं नाही.

मौनीबाबाचा विषय राहिला. या गडबडीत बरं दिसलं नसतं.

१४ ऑक्टोबर
खबर. तिघं तळ्याच्या उत्तरेला, माणसांपासून लांब. पिवळा हमरस्त्यावरच्या बसस्टॉपवर. लोक गप्पा मारत होते, तो रस्ता ओलांडून त्यांच्याकडे निघाला. टेंपोनं उडवला. जिवंत आहे. उजवा पंख खांद्यापासून काढावा लागला.

फोनवर बाईंनी एवढंच सांगितलं आणि थांबल्या. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबल्या असाव्यात.

१९ ऑक्टोबर
कोठारात गेलो. मौनीबाबाला सगळं स्पष्टच सांगायचं ठरवून गेलो होतो. तो पोती रचत होता. म्हटलं, गर्मी आहे नाही? तो म्हणाला, "मी बाईंना तेव्हाच सांगितलं होतं, मी गुणगुणत नाही." मग पोतं उचललं. मी दुसरं टोक धरायला गेलो तर म्हणाला, राहू द्या.

म्हणजे बाईंना माहीत होतं. तेव्हापासूनच.

२ नोव्हेंबर
लेकीचा फोन. मी घेतला. तोंडाशी शब्द आले आणि शीळ ऐकू आली, म्हणून थांबलो. "बाबा? आहात ना?" मी हुं केलं. मग तीच बोलायला लागली. ऑफिस, खोली, एक मैत्रीण, आजारी पडली होती, एकटीच होती, रडली. मी हुं करत राहिलो. शेवटी म्हणाली, "बाबा, आज किती छान ऐकलंत."

बायकोला म्हटलं, बघ, साधना फळाला येते. ती माझ्या पाठीवर हात ठेवून गेली. का ते कळलं नाही.

२० नोव्हेंबर
बाईंनी मला पुन्हा गाईड केलं. पिवळा आता दर्शनी पिंजऱ्यात, फाटकाच्या समोर. उडू शकत नाही, सोडता येत नाही. बाई म्हणाल्या, लोकांना प्रकल्प समजावून सांगा. का चालतो, कशानं फसतो, सगळं. रागानं नाही म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं.

२३ नोव्हेंबर
पहिली तुकडी. मी सुरुवात केली, "मंडळी, हा पांढरा क्रौंच." पिवळा कोपऱ्यातून उठला आणि एका पंखानं तोल सावरत जाळीशी आला. लोक खूश. मी गप्प झालो, तो मान वाकडी करून थांबला. बोललो, त्यानं शीळ घातली. टाळ्या पडल्या. एका आजींनी विचारलं, "अगंबाई, हा तुम्हाला ओळखतो?"

एकोणीस वर्षांत अशा टाळ्या मिळाल्या नव्हत्या. गर्दी वाढत गेली. पुढचं भाषण पाठ असूनही आठवेना.

२४ नोव्हेंबर
घसा बसलाय असं ऑफिसात कळवलं. लोकांना हातानंच रस्ता दाखवला. तिकीटवाल्या ताई म्हणाल्या, पिवळा सकाळपासून जाळीशीच उभा आहे, खाल्लं नाही.

उद्यापर्यंत घसा सुटेल.