चोलोचे तीन रोलर

८ जुलै, मंगळवार

पोचलो. यायचं नव्हतं, तरी पोचलो!

आमच्या ओगुटूसाहेबांना तीन सबबी सांगून पाहिल्या — रक्तदाब, सासऱ्यांचं आजारपण, मलावीची भाषा येत नाही. एकही चालली नाही. "रोलर आपल्या केरिचोच्या कारखान्यातून गेले, तूच तपासून पाठवलेस. तूच जाऊन बघ आणि अहवाल दे. चार दिवसांचं काम!"

चार दिवसांचं काम म्हणजे, चोलोच्या चहाच्या कारखान्यात एका बाईचा उजवा हात पानं चुरडणाऱ्या रोलरमध्ये गेला. मनगटापासून. मशीन थांबवायची लाल दांडी तिच्या शेजारणीनं ओढली होती, असं बायका म्हणतात. कुणी ओढलीच नाही, असं मॅनेजर म्हणतो. खरं काय ते मी सांगायचं.

विमानतळावर न्यायला कारखान्याचा म्हातारा मिस्त्री आला होता, नामाख्वा. माझी बॅग हिसकावूनच घेतली. मी भराभर चालायला लागलो तर म्हणाला, "हळू, भाऊ, हळू! तुम्ही केनियावाले सगळीकडं पळतच जाता काय?"

सगळे हसले. मीही.

९ जुलै

थंडी. दिवसभर झिमझिम. डोंगर दिसतच नाही.

मॅनेजर चिसाले गोड बोलतो. खुर्ची, चहा, बिस्किटं. मग दार लावून म्हणाला, "देखभाल मिस्त्रीची होती. तेवढं लिहा. कंपनीला त्रास नको, तुम्हालाही नको."

'तुम्हालाही' म्हणताना माझ्याकडं नीट बघितलं. की मलाच तसं वाटलं?

जेवायला नामाख्वाच्या घरी. कारखान्यानं दिलेल्या दोन खोल्या. माशाचं कालवण आणि मक्याच्या पिठाची पांढरी न्सिमा — आमची उगालीच, पण मऊ. बायको सारखी वाढत होती. "खा हो पाहुणे, तिकडं कुणी वाढत नाही वाटतं?" दोन वर्षांत नामाख्वा निवृत्त होणार. याच माणसाचं नाव मला अहवालात घालायचंय. आणि मी तिसऱ्यांदा कालवण घेतलं!

१० जुलै

आज तिला भेटलो. एनेलेसी. सत्तावीस वर्षांची. अंगणात बसून डाव्या हातानं शेंगा सोलायचं शिकत होती. दर तिसरी शेंग उडून कोंबड्यांत जाई.

मी म्हणालो, "वाईट झालं, माई."

"कोंबड्यांचं चांगलं झालं," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. चहाची पानं आत ढकलताना बाही अडकली. ती ओरडली. शेजारणीनं दांडी ओढली, खाली लोंबकळली सुद्धा. रोलर फिरतच राहिले. "तेवढ्यात मी आईचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं, देवाचं घेतलं. एवढा वेळ!"

मी वहीत लिहून घेतलं. मान वर केलीच नाही.

११ जुलै

काही केलं नाही. पोट बिघडल्याचं सांगून झोपून राहिलो. पोट ठणठणीत आहे.

१२ जुलै, शनिवार

लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतंय!

तीन वर्षांपूर्वी हे तीन रोलर केरिचोहून निघाले. ट्रक फाटकाशी भोंगा वाजवत उभा. त्याच दिवशी मोठीचा पदवीदान समारंभ, बायको, चेलांगात, फोनवर फोन करत होती — "बाप म्हणून एक दिवस तरी वेळेवर ये!" दोन मशीनच्या दांड्या ओढूनही पाहिल्या नाहीत. एकीची ओढली, तीही मशीन बंद असताना. कागदावर तीन बरोबरच्या खुणा केल्या, सही केली, निघालो. समारंभाला वेळेवर पोचलो. फोटोत हसतोय.

आज नामाख्वाला म्हटलं, उरलेले दोन रिकामे चालवून बघू. पहिला सुरू केला. दांडी ओढली. थांबेना! घड्याळ लावून पाहिलं — अकरा सेकंद. दुसरा नऊ.

नामाख्वा फडक्यानं हात पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

सोमवारपासून दोन्हींवर बायका उभ्या राहणार होत्या. मी दोन्ही बंद ठेवायला सांगितले. चिसालेनं तोंड वाकडं केलं.

१३ जुलै, रविवार

प्रार्थनेहून परतताना मी नामाख्वाला थांबवलं. मळ्यातल्या वाटेवरच खुणांची गोष्ट सांगून टाकली. अहवालात माझंच नाव घालतो म्हणालो.

तो खाली बसला. "उशीर झाला, भाऊ. मी शुक्रवारी सही केली. चूक माझी, असं लिहून दिलं. त्या बदल्यात निवृत्तीपर्यंत घर राहील, असा चिसालेनं शब्द दिलाय. आता तुम्ही वेगळं लिहिलंत तर मी खोटा ठरेन. घर जाईल."

"पण चूक तुमची नाही!"

"घर माझं आहे ना?"

शुक्रवारी! मी पोट धरून पडलो होतो तेव्हा.

मी गप्प राहायचं कबूल केलं. आणि खरं सांगायचं तर छातीवरचं ओझं उतरलं. लाज वाटते, पण उतरलं. आज पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

१४ जुलै

दिवसभर मी आणि नामाख्वा रोलरखाली. ब्रेकचे पट्टे झिजून कागद झालेले. दुसऱ्या मळ्यातून पट्टे मागवले, बसवले. संध्याकाळी दांडी ओढली — जागच्या जागी थांबला! दुसराही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अहवालात 'देखभालीतील त्रुटी' एवढंच मोघम लिहायचं ठरवलं. नाव कुणाचंच नाही. उद्या दुपारचं विमान.

हात धुवायला गेलो तर नळाशी एनेलेसी. बघायला आली होती म्हणे.

"चांगलं केलंत," म्हणाली. "फेब्रुवारीतच आला असतात तर बरं झालं असतं."

"फेब्रुवारीत?"

"बाम्बो नामाख्वांनी पत्र पाठवलं होतं ना तुम्हाला! मशीन आल्यापासूनच ब्रेक नीट धरत नाही, पट्टे पाठवा, म्हणून. चिसालेसाहेब म्हणाले, केरिचोचं उत्तर येईपर्यंत मशीन बंद करायचं नाही. बाम्बोंचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. म्हणून पत्र मी लिहून दिलं." मग उजव्या मनगटाची पट्टी जराशी उचलली. "ह्या हातानं."

"मग नामाख्वा मला बोलले का नाहीत?"

"पत्र तर तुमच्याकडं आहे. पाहुणा आपणहून बोलेल, म्हणाले. आठवडाभर वाट बघितली त्यांनी. पोचलंच नसेल हो, वाट लांबची आहे."

मी हो म्हणालो. लांबची आहे.

१५ जुलै

पोचलं होतं. वाचलंही होतं. पट्टे पाठवले तर खुणा खोट्या होत्या हे उघड होईल, म्हणून घडी घालून टेबलाच्या खणात खाली ठेवलं. इथं आल्यापासून या वहीलाही सांगितलं नाही.

विमान गेलं. चिसालेच्या खोलीबाहेर बाकावर बसलोय, शेजारी नामाख्वा. पत्र पुढं आलं तर त्याला घराबाहेर काढणं चिसालेला जड जाईल. अहवालाची पहिली ओळ त्याला वाचून दाखवली — 'मिस्त्रीने लेखी कळवले होते. पत्र माझ्याकडे आहे.'

त्यानं ती पुन्हा वाचायला लावली.