पिंजऱ्यात बसलेल्या भावाला विचारलेल्या प्रश्नाबाबत

प्रति,
मा. पोलीस उपअधीक्षक साहेब,
जुन्नर

अर्जदार : स्वप्ना चांगदेव कोरडे, रा. बोरी बुद्रुक

विषय : वाटाघाटीसाठी आलेल्या साहेबांच्या बोलण्याची चौकशी होणेबाबत.
संदर्भ : पिंपरी पेंढार शिवारात बिबट्याच्या पिंजऱ्यात घडलेला प्रकार.

महोदय,

“सायेब बोलतोय का पाढं म्हनतोय, राव?” असे संपतचे शेजारी बहिरूभाऊ अर्जदाराच्या कानाशी कुरकुरले, आणि अर्जदाराला संशय आला तो तिथूनच. पिंजऱ्यातून संपत म्हणे, “मला बिबट्या दाखवा.” साहेब म्हणत, “बिबट्या दाखवा म्हणता.” संपत म्हणे, “लई झालं आता.” साहेब म्हणत, “लई झालं.” एवढ्यासाठी पुण्याहून माणूस कशाला आणायचा, बांधावरचा कोणीही चालला असता.

१. संपत हा अर्जदाराचा धाकटा भाऊ. त्याची बायको स्नेहल गवत कापताना बिबट्याने नेली. त्यानंतर वनखात्याने उसाच्या कडेला पिंजरा लावला. त्या सकाळी वनरक्षक ऋतिक हे आतल्या शेळीला पाला टाकायला शिरले, तोच संपत कोयता घेऊन मागोमाग गेला, दार पाडले आणि आतून साखळीला कुलूप घातले. ऋतिक यांना त्याने बोटही लावले नाही, उलट आपली भाकरी दिली. हे त्यांच्या जबाबात आले आहे की नाही, ते पाहावे.

२. साहेबांनी गर्दी मागे हटवली. आमची आई कुशाबाई हिलाही पुढे जाऊ दिले नाही. “घरचं माणूस पाहून कोणी शांतच होतो असं नाही,” म्हणाले. आईला पाहून लेक बिघडतो हे अर्जदाराने आजवर ऐकलेले नव्हते. साहेबांच्या पाठीशी एक मॅडम बसून चिठ्ठ्या पुढे सरकवत होत्या. विचारले तर म्हणाल्या, “एकाने बोलायचं, दुसऱ्याने नुसतं ऐकायचं, अशी पद्धत आहे.” ऐकायला सरकारने वेगळा माणूस नेमला आहे म्हटल्यावर संशय आणखी वाढला.

३. गावकरी म्हणाले, “बिबट्या धरला म्हनून सांगा ना, हाय काय त्यात.” साहेब नको म्हणाले. खोटे उघडे पडले की माणूस पुन्हा कोणाचेच ऐकत नाही, म्हणे. दारही कापू देईनात. पूर्वी पोलीस दार फोडून शिरत आणि कोंडलेलेच जिवाला मुकत, त्यातून ही बोलत बसायची रीत आली, असे मॅडमनी सांगितले. आम्ही उन्हात, आणि साहेब वेळ काढतात. तेवढ्यात सरपंचांनी, रात्री पाणी द्यायला जाताना बिबट्या गाठतो म्हणून, शेतीला दिवसा विजेची मागणीही संपतच्या नावावर पुढे सरकवली. संपतने वीज मागितलेली नव्हती.

४. मुख्य तक्रार ही. ऊन कलल्यावर साहेबांनी सगळ्यांदेखत, आईदेखत, विचारले, “संपतराव, बिबट्याने तुम्हालाही न्यावं म्हणून बसलात का? मरायचंय तुम्हाला?” आमच्यात जित्या माणसाबद्दल तो शब्द तोंडातून काढत नाहीत. आईने दोन्ही कान झाकून घेतले. संपतने मात्र पहिल्यांदा मान वर केली. “व्हय,” म्हणाला. मग पुष्कळ रडला आणि किल्ली ऋतिक यांच्या हातात दिली.

५. आता ते “व्हय” कबुली म्हणून गुन्ह्याच्या कागदात जाणार काय, याचा खुलासा व्हावा. साहेबांनी प्रश्न मनापासून विचारला, की तो शिकवलेला होता? शिकवलेला असेल तर आम्हालाही शिकवावा. साहेब गेले, संपतला जामीन झाला, तेव्हापासून तो अर्जदाराकडे आहे. पाहुणे येतात, बिबट्यावर बोलतात, चहा पितात, “सावरला की गडी,” म्हणून उठतात. अर्जदारही “व्हय, व्हय” म्हणते, आणि घरातले कोयते नि फवारणीचे औषध गुपचूप जावेकडे नेऊन ठेवते.

तरी त्या साहेबांना, चौकशीच्या निमित्ताने का होईना, एकदा बोरीला पाठवावे. घरात हे कोणी बोलत नाही, म्हणून लिहून देते. माझा भाऊ सावरलेला नाही. त्याला अजून मरायचं आहे.

साहेबांची वाट पाहणारी,
स्वप्ना चांगदेव कोरडे
दि. १८ फेब्रुवारी २०२५