शेळी गावली का?

बाई, मे संपत आलाय आणि शाळेने सुट्टीत वाचायला लावलेल्या इंग्रजी पुस्तकांचे व्हिडिओ माझ्या फोनवर येऊन पडताहेत. तुमच्या वेळी पुस्तक वाचून जूनमध्ये वर्गासमोर गोष्ट सांगायची असे. आता मुलाने घरी वाचायचं, घरच्यांनी शूट करायचं आणि मी ऐकून शेरा द्यायचा. मी रोह्याच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही चष्मा काढून पुसला असतात, कारण सातवीत तुमच्या इंग्रजीच्या तासाला मला दरदरून घाम फुटायचा. तो अजूनही फुटतो, फक्त आता मी फळ्याच्या बाजूला उभी असते. माझी नेमणुकीची ऑर्डर दर जूनला नव्याने निघते, त्यामुळे मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, जे म्हणतील त्याला मी मान डोलावते. डोलावून डोलावून मानेला सवय झाली आहे.

तुम्ही सुट्टी लागायच्या दिवशी कपाटातून एकेक पातळसं पुस्तक काढून दिलं होतंत. पेणमधल्या मुलींना मे म्हणजे मामाचं घर आणि आंबे. आम्हा हमरापूरच्या पोरांना मे म्हणजे घरच्या कारखान्यातले गणपती. पत्र्याच्या शेडमध्ये चारी बाजूंनी मूर्ती मांडलेल्या, मध्ये पाय ठेवण्यापुरती वाट, आणि त्या वाटेच्या टोकाला मी. मूर्ती ओल्या पॉलिश पेपरने घासायची, पुसायची, बाजूला सरकवायची, की आई पुढची आणून ठेवणार. लघवीला उठायचं तरी चार गणपती हलवावे लागत. जून जवळ येत होता, वर्गासमोर उभं राहायचं होतं, आणि पुस्तकाचं पहिलं पानही मी उलटलं नव्हतं. मला त्या महिन्यात खरोखर रडू यायचं. पुस्तक होतं देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. रंगाचा हात लागून शाळेचं पुस्तक खराब होऊ नये म्हणून आईने ते तिथे ठेवलं होतं. आमच्याकडे सगळ्या घरांत असंच करत. पुस्तकं सांभाळली जात आणि तशीच परत जात.

एका दुपारी तुम्ही दारात उभ्या. घरचा गणपती नोंदवायला आलात आणि मला त्या मूर्तींमध्ये अडकलेली पाहिलंत. पुस्तक कुठवर आलं, म्हणून विचारता. मी हातातली मूर्ती घासत राहते. आई पदराला हात पुसत सांगते, "पुस्तकाला रंग लागंल म्हून मीच वर ठेवलंय, बाई." तुमचा आवाज चढतो. "पुस्तक काय देव आहे, वर ठेवायला?" मग अण्णा, म्हणजे माझे वडील, मान वर न करता म्हणतात, "आमच्याकडं देव पन खालीच असतात, बाई." तुम्ही आजूबाजूला पाहता, आणि तुम्हाला हसू आवरत नाही. वर्गात कधीही न हसणाऱ्या तुम्ही पालथ्या बादलीवर बसून पोट धरून हसता.

मग तुम्ही पुस्तक काढायला लावलंत आणि स्वतः वाचायला बसलात. एक ओळ इंग्रजीत, मग तिचं मराठी. एका मुलाची शेळी हरवते आणि तो तिला शोधत बाजारात जातो, एवढीच गोष्ट. पण घासणारे हात हळू झाले. अण्णांनी मधेच विचारलं की शेळी गाभण होती का, आणि तुम्ही गंभीरपणे पान मागे उलटून पाहिलंत. थोड्या वेळाने त्यांनी डोळे आखायला बारीक ब्रश घेतला. आमच्यात आखणी चालू असली की कोणी बोलत नाही, एक केस इकडचा तिकडे झाला तर देव तिरळा व्हायचा. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. आईने तुमच्या हातावर हात ठेवला आणि तुम्ही वाक्य अर्धं टाकून थांबलात. तुम्ही, ज्यांच्या तासाला हेडमास्तरही आत यायला बिचकत, श्वास रोखून बसलात. दुसरा डोळा झाला, ब्रश खाली आला आणि अण्णा म्हणाले, "हं. मंग फुडं काय झालं?"

शेळी सापडायच्या आत तुमच्या एसटीची वेळ झाली. पण अण्णा आता मला सोडायला तयार नव्हते. रोज विचारायचे, "शेळी गावली का गो?" त्यांना सांगायचं म्हणून मला वाचावं लागलं. माझे हात भरलेले असत, तेव्हा आई कोरड्या हाताने पुस्तक माझ्यासमोर धरायची आणि मी मान हलवली की पान उलटायची. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. शेळी सापडली त्या दिवशी मात्र ती अण्णांच्या आधी ओरडली. जूनमध्ये मी वर्गात गोष्ट सांगितली, अडखळत, पण सगळी सांगितली. पुस्तकावर गुलाबी अंगठा उमटला होता. तुम्ही तो पाहिलात, पुस्तक कपाटात ठेवलंत आणि पुढच्या मुलीला उभं केलंत.

बाई, आता यंदाचं सांगते. माझ्या वर्गातली एक मुलगी मेमध्ये आईबरोबर मामाच्या गणपतीच्या कारखान्यात जाते. तोही हमरापूरलाच. तिचा व्हिडिओ आला. मागे रंग फवारायचा कॉम्प्रेसर घरघरतोय, बोटं पिवळी झालेली, आणि ती वाचतेय, बरं वाचतेय. मध्येच थांबते. बाजूला कुठेतरी बघत राहते, तोंड मिटून, कितीतरी वेळ. मग फ्रेमच्या बाहेरून एका माणसाचा आवाज येतो, "हां, मंग?" आणि ती हसून पुढे वाचते. मी खुर्चीतून उठलेच. ती का थांबली, हे त्या अख्ख्या शाळेत मला एकटीला कळत होतं.

मोठ्या मॅडमनी माझ्या शेजारी बसून तो पाहिला. वाचताना अडकते, मागे आवाज, मराठी बोलणं, म्हणाल्या. असा व्हिडिओ धरला तर सगळेच असे पाठवतील. पुन्हा करून घ्या, नाहीतर तिला सातवीला ब तुकडीत टाकू. ब तुकडीत इंग्रजीला धड शिक्षक मिळत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी सांगायला तोंड उघडलं. आखणी म्हणजे काय, तिथे गप्प का बसतात, सगळं जिभेवर होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला जूनची ऑर्डर आठवली. मी मान डोलावली. तिच्या आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "म्याडम, काय चुकलं वो तिचं?" काही नाही, मी म्हटलं. फक्त हात धुऊन, दार लावून, कोणी नसताना पुन्हा करा.

नवा व्हिडिओ काल आला. मागे पांढरी भिंत, अंगात गणवेश, स्वच्छ बोटं. ती कुठेही न थांबता एका दमात वाचून संपवते आणि थँक यू म्हणते. मोठ्या मॅडमना इतका आवडला की त्यांनी तो नमुना म्हणून पालकांच्या ग्रुपवर टाकला. ती अ तुकडीत राहिली. तुम्ही असता तर मला काय म्हणाला असतात, याचा मी रात्रभर विचार केला आणि मला तुमचा फक्त चढलेला आवाज ऐकू आला.

तुम्ही आता नाही, मग हे पाठवायचं कुठे, आणि पाठवता आलं असतं तरी तुमच्या हातात पडू द्यायचं धाडस मला झालं नसतं. पहिला व्हिडिओ मी फोनमधून काढलेला नाही. दुसरा पाहताना, तिने जिथे थांबायला हवं होतं तिथे मी थांबून वाट पाहिली. ती वाचत पुढे गेली. पुढे काय झालं, असं तिला कोणीच विचारलं नाही, बाई. मीसुद्धा.