जावयांचं यंत्र आणि सासूबाईंचं भाषण

बुरहानपूर

आदरणीय जावईबापू तुषारराव यांस सुधाकरचे (म्हणजे आपल्या सासऱ्याचे) नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही. दीपालीचा खोकला गेला असेल. इकडे सर्व ठीक. आपल्या सासूबाई निर्मला तर इतक्या शांत आहेत की मला अन्न गोड लागत नाही. (कारण पुढे येतं.)

भाषणातल्या भावना मोजणारं आपलं सॉफ्टवेअर पोचलं, आभारी आहे. (आपण जावई आहात, म्हणून आभारच मानतो.) सासूबाई पार्षदकीला (तुमच्याकडची नगरसेवकी) उभ्या होत्या, तेव्हा म्हटलं, घरचं यंत्र आहे, वापरावं. त्यांचं एक भाषण मोबाईलवर घेऊन त्यात घातलं. निकाल आला: राग सत्त्याऐंशी टक्के, आनंद शून्य, मन वळवण्याची ताकद अगदीच कमी. मी जातीचा मास्तर, बसलो पेपर तपासायला. जिथे राग निघाला तिथे 'माझ्या लाडक्या बंधू-भगिनींनो' टाकत गेलो, तेव्हा कुठे यंत्र आनंद आणि विश्वास दाखवू लागलं. सासूबाई आधी नाहीच म्हणत होत्या, पण जावयांचं यंत्र आहे म्हटल्यावर निमूट तयार झाल्या.

सभेत त्यांनी ते वाचलं आणि लोक एकमेकांकडे बघू लागले. शेजारच्या भागाबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "निर्मला, बरं नाही का गं तुला?" मागून कुणी म्हणालं, समोरच्या पार्टीशी समझोता झालेला दिसतो, चला घरी. धर्मेंद्र किराणावाला तर चपला घालून निघालाही. आता आमच्या मोहल्ल्याची रीत आपल्याला पुण्यात कशी ठाऊक असणार? सासूबाई ज्याला झापतात, त्याच्याच कामासाठी नगर निगमात जाऊन ठिय्या देतात. गोड बोलल्या, की समजावं, त्यांनी हात झटकले. तर सभेत माणसं उठताना पाहून सासूबाईंनी त्या कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धर्मेंद्र, बस खाली. नळाला मोटर लावून मागच्या गल्लीचं पाणी ओढतोस, आणि वर तोंड करून चाललास?" माणसं भराभर परत बसली. पहिली टाळी धर्मेंद्रनंच वाजवली.

केळीचे वेफर्स वेगळ्या पार्सलनं पाठवलेत. दीपालीला सांभाळा, यंत्रालाही.

आपला,
सुधाकर

ता. क. सासूबाई निवडून आल्या. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं.

आणखी एक ता. क. त्या सभेपासून त्या मला टाकून एक शब्द बोललेल्या नाहीत. "अहो, अजून एक पोळी घ्या ना," म्हणतात, अगदी आपल्याशी बोलतात तशा. तेही यंत्रात घालून पाहिलं, आनंद ब्याण्णव टक्के निघाला. तुषारराव, मला फार भीती वाटते हो. तेव्हा एवढं करा, त्यांना फोन करून सांगा की चूक यंत्राची होती. जावयावर त्यांना रागावता येणार नाही, म्हणजे तो सगळा राग मला मिळेल.