मिरीचे उरलेले चार वेल

३ सप्टें.
उरले चार. नऊ गेले मर रोगाने. सगळे यांनी लावलेले. दीर म्हणतात, "वहिनी, दसरा झाला की हेपण उपटू. रोग पोफळींना लागायचा." म्हटलं, दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही.
कृषी खात्याचं पत्रक तीनदा वाचलं. ट्रायकोडर्मा ही चांगली बुरशी, मुळं कुजवणारीला खाते. पडवीत शेणखत, निंबोळी पेंड, त्यात ती पावडर कालवली. वर ओलं गोणपाट.

१२ सप्टें.
आली! गोणपाट उचललं तर ढीगभर पांढरं, मधेमधे हिरवंगार. चहा उतू गेला तिकडे. दिरांना हाताला धरून आणलं. "बुरशी बघायला कोणी हाका मारतं का?" हसले मी. मोठ्याने. वर्षभरात पहिल्यांदा असेल.
दु. चारही बुंध्यांना दोन-दोन घमेली.

१५ सप्टें.
शेजारची चांगुणा सुकी मासळी विकते. वाळवणाखालची पाटीभर कुटी, मासळीचा चुरा, खत म्हणून घेऊन आली. "घाल गो, माज्या माडांना बघ कशे नारल लागलेत!" दारातल्या वेलाला घातली. हा यांचा पहिला वेल, म्हणून त्याला आधी.

१९ सप्टें.
दारातल्या वेलाची पानं कडेने करपली. कुटी जिभेवर ठेवली. मीठ! मासळी खारवलेली. माड सोसतो, मिरी कशी सोसेल? एवढं वाचून मी गाढवच.
मीठ धुवायला पाणी हवं, पाणी साचलं तर मूळ कुजणार. चांगुणाने ऐकून कपाळ बडवलं. "तुज्या मालकाचा वेल मी..." म्हटलं, रडू नको, खुरपं आण. दोघींनी कुटी खरवडली, चर काढला, कळशी-कळशी पाणी सोडलं.
हे असते तर ओरडले असते.

२७ सप्टें.
मागच्या वेलाला नवा फुटवा! माती जरा उकरली तर पांढरी बारीक मुळं. बाकी दोघे टवटवीत. चांगुणा म्हणते, "पोर झाल्यासारखी नाचतेस." नाचणारच.
दारातला पार पानं गाळून बसलाय.

१ ऑक्टो.
उद्या दसरा. दीर आज सकाळीच आले. तिन्ही वेल फिरून पाहिले, फुटव्याला बोट लावलं. मग दारातल्याची साल नखाने खरवडली. एका अंगाला तपकिरी, दुसऱ्या अंगाला हिरवं. ओलं.
"ते तिघं राहू देत, वहिनी. पण हा..."
त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी घमेलं भरायला पडवीत गेले.