निळी काच कोणाच्या हातात

सोमवार, ४ मार्च

ती. ताईला धाकटीचा सा. न.

ताई, काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कारण सांगितलं तर तू हसशील. आमचे हे काल सकाळी कामावर गेले ते अजून घरी आले नाहीत, आणि कारखाना तर बंद झालाय.

मागच्या महिन्यात सगळ्यांना काढलं. आपल्या दादाला थंडीत पहिल्या खेपेला काढलं तेव्हा वाटलं होतं, आपल्यावरचं गेलं. पण मग एका दुपारी उरलेल्या सगळ्यांनाच घरी पाठवलं. मंदी आहे, बाटल्या कोणी घेत नाही म्हणाले. खरंच असेल, आवारात पेट्यांची चळत भिंतीच्या वर गेलीय. आता न्हाव्याच्या दुकानात नुसते गप्पा मारणारे बसतात, दाढी सगळे घरीच करतात. गेटवरचा फोनही कापला. वसाहतीत तेवढा एकच होता, म्हणून हे पत्र.

तर ह्यांचं वेड सांगते. काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. विझली की आतला रस थिजून दगड होतो, विटा तडकतात, मग ती फोडूनच काढावी लागते. म्हणून फोरमनकाका आणि हे साहेबांकडे गेले. टाकीत तेल पडलंय, ते संपेपर्यंत जाळ बारीक ठेवून भट्टी जगवतो, कोणी घेणारा आला तर गरम भट्टी तरी मिळेल, असं म्हणाले. साहेबांचीही नोकरी गेली होती, सामान बांधत होते. टाकीकडे मी कधी बघितलंच नाही, एवढंच बोलले आणि निघून गेले.

आता पगार नाही आणि पाळ्या मात्र चालू. वर त्यांची ती निळी काच. भट्टीच्या भोकातून जाळ बघायची ती काच ज्याच्या हातात, त्याची भट्टी. दुसऱ्याने येऊन ती हातातून घेतल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा त्यांचा जुना नेम. ह्यांच्यानंतर पाळीला त्यांचा जोडीदार यायचा होता, ज्याला सगळे उंट्या म्हणतात तो. तो पठ्ठ्या न सांगता बायकोपोरं घेऊन दुसऱ्या गावी कामाला गेला. फोरमनकाकांची पाळी आज दुपारनंतर, मग काय, तोवर हे काच धरून उभेच.

ताई, मला भीती वाटते. तेल संपत चाललंय. पिल्लूचे दात येतायत, ती रडते आणि मग मीही रडते. दादाने ह्यांच्यासाठी गोदामावर राखणदाराची नोकरी बघितलीय, राहायला खोलीही आहे. भावजींच्या दुकानातून त्याला फोन करून सांग, जागा धरून ठेव, आम्ही येतो. आज मी जाऊन ह्यांना कान धरून घरी आणते.

माया आहेच तुझी, ती आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी


शुक्रवार, ८ मार्च

चि. धाकटीला अनेक आशीर्वाद.

हसले नाही, पण तुझे भावजी हसले. म्हणाले, पगार मिळत असताना आमचे साडू कधी पाच मिनिटं आधी पोचले नाहीत, आता फुकट आहे तर हलत नाहीत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही गिऱ्हाइकांचे सदरे वेळेवर द्या, मग दुसऱ्याला बोला.

दादाला फोन लावला. जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो म्हणाला, मालकाला शब्द दिलाय. पण भट्टी जगवणाऱ्या ह्या लोकांचं ऐकून बिथरला. मेलेल्याच्या उशाशी बसून काय मिळणार, ज्या गेटातून मला हाकललं तिथे मी थुंकायलाही जाणार नाही, असं बरंच बडबडला. आणि फोन ठेवता ठेवता हळूच विचारतो कसा, जाळ पिवळा आहे की पांढरा. आता मी कपडे शिवणाऱ्याची बायको, मला काय कळणार. विचारून सांगते म्हटलं. तेव्हा तेवढं कळव.

पिल्लूला चावायला लाकडी चमचा दे. रडण्यात तू तिची बरोबरी करू नकोस, तुझे दात केव्हाच आलेत.

नवऱ्याला आणलंस का घरी? सगळं सविस्तर लिही. दुकानात टपाल आलं की तुझे भावजी माझ्याआधी फोडतात, म्हणून त्यांची निंदा शेवटच्या पानावर करत जा.

जीव तुझ्याकडे लागलेला असतो हे विसरू नकोस.
ताई


मंगळवार, १२ मार्च

ती. ताईला सा. न.

नवऱ्याला घरी आणलं नाही. मीच तिथे अडकले.

झालं असं, की पिल्लूला कडेवर घेतलं, डबा घेतला आणि तावातावाने गेले. रस्ताभर काय काय बोलायचं ते घोकत होते. आत सगळं सुनं. यंत्रं झाकलेली, सरकता पट्टा धूळ खात पडलेला, आणि टोकाला ती भट्टी एकटीच घुमतेय. हे उभे. डोळे लाल, ओठ फुटलेले, दाढी वाढलेली. मला बघून म्हणाले, बरं झालं आलीस, जरा धर, तोंड धुऊन येतो. मी धरली.

आता तू म्हणशील, नेम माहीत होता ना. माहीत होता गं, पण त्यांचं तोंड बघून डोक्यात राहिला नाही. नळावर गेले, तोंड धुतलं, भिंतीला टेकले आणि तिथेच झोपले. हलवलं, हाका मारल्या, पिल्लूने केस ओढले. उठायचं नाव नाही. आणि काच माझ्या हातात. काच खाली ठेवून निघावं असं दहादा मनात आलं. पण भोकातून आत बघितलं, ताई, आणि पाय हलेना. आत सगळं उकळतं पिवळं, सूर्य वाडग्यात ओतल्यासारखं. मी विस्तवाला घाबरणारी बाई, चूल पेटवताना तोंड फिरवणारी. पण मला वाटलं, हे माझ्या पाळीत विझलं तर वसाहतीतल्या कोणाला तोंड दाखवू?

ह्यांनी मागे एकदा शिकवलं होतं तसं करत राहिले. जाळ काळवंडला की चाक किंचित फिरवायचं, उजळला की परत. फोरमनकाका तिसऱ्या प्रहरी आले, मला बघून दारातच थांबले. मी त्यांना म्हटलं, आधी काच घ्या, मग काय ते बोला. त्यांनी काच घेतली आणि थेट चाकाला हात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची रंगारीण दारात. तू उभी राहू शकतेस तर मी काय मेणाची आहे का, म्हणाली. मग पॅकिंगमधल्या बायका आल्या. आता दिवसाची पाळी आम्हा बायकांची आणि रात्रीची पुरुषांची. हे घरी येऊन झोपतात, आणि घोरतात ते उंट्याच्या वाटणीचंही घोरतात.

दादाला सांग, जाळ पिवळा आहे, पांढरा व्हायला पुरं तेल लागतं. आणि जागा धरूनच ठेव म्हणावं. टाकीवर काठी वाजवली की आता बराच खालपर्यंत पोकळ आवाज येतो. मी पाळीला जाते पण घाबरलेली असते. तेल संपलं की त्या दिवशी पेटी भरून निघायचं, असं ह्यांच्याकडून वदवून घेतलंय.

दोन शब्द पाठव, तेवढाच आधार.
धाकटी


बुधवार, २७ मार्च

ती. ताई, भावजी, किंवा जो कोणी हे आधी उघडेल त्याला, नमस्कार.

हे पत्र तेलाच्या टँकरवाल्याजवळ देतेय. त्याचा रस्ता तुमच्या दुकानावरून जातो. हो, तेलाच्या टँकरवाल्याजवळ. नीट वाचा.

मागच्या आठवड्यात टाकीचा तळ दिसायला लागला. पेटी खरंच भरली होती, वर पिल्लूचं दुपटं तेवढं ठेवायचं होतं. त्या दिवशी माझी पाळी. दुपारी एक बाई आल्या, बरोबर दोन माणसं. औषधाच्या बाटल्यांची कंपनी आहे त्यांची. आधी दोन बंद कारखाने बघून आल्या होत्या, दोन्हीकडे भट्ट्या थंडगार. इथे कोण मुख्य आहे, असं मला विचारलं. मी कडेवर पिल्लू आणि डोळ्याला काच, वळून कशी बघणार? म्हटलं, बाई, जरा थांबा, मला जागा सोडता येत नाही.

त्यांना राग आला असेल असं वाटलं. पण त्या जवळ आल्या, भोकाकडे वाकल्या आणि बघू म्हणून माझ्या हातातली काच घेतली.

रंगारणीने तोंडावर पदर धरला. बाईंनी आत बघितलं, खूप वेळ बघितलं, मग काच मला परत द्यायला लागल्या. तेवढ्यात पाहुणे आल्याचं ऐकून धावत आलेल्या फोरमनकाकांनी हात जोडले आणि म्हणाले, आता ती तुमच्या हातात आहे, पुढचा माणूस पाळीला येईपर्यंत भट्टी तुमची. बरोबरची माणसं रागावली. बाईंनी काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पर्स त्या माणसाकडे दिली आणि विचारलं, चाक कुठलं? संध्याकाळी हे येईपर्यंत उभ्या होत्या, ताई. बूट काढून. मी त्यांना डब्यातलं दिलं, तेही उभ्यानेच खाल्लं. सगळं विचारून घेतलं, पगार नसताना कोण येतं, का येतं. ह्यांनी काच घेतली तेव्हा खांदा चोळत म्हणाल्या, अशी भट्टी विझू देणारा मूर्ख असेल.

बाईंच्या कंपनीने कारखाना घेतला, आणि आज सकाळी त्यांनी पाठवलेला टँकर गेटात शिरला. रंगारीण त्याच्यापुढे नाचली, आणि हे, ज्यांना मी लग्नातही हसताना बघितलं नव्हतं, ते पिल्लूला खांद्यावर घेऊन आवारभर पळत होते. न्हावी आला आणि गेटावरच सगळ्यांच्या दाढ्या करायला बसला. काढलेल्या सगळ्यांना परत घेतायत, पहिल्या खेपेच्यांनाही. दिवसाच्या पाळीच्या बायकांनाही पगारावर घेतलं. म्हणजे मलाही, ताई.

आता कामाचं. साच्यांचं यंत्र पुन्हा सुरू करायला मिस्त्री पाहिजे, आणि ते यंत्र दादाइतकं कोणाच्या हाताखालून गेलेलं नाही. बाहेरून माणूस बोलवायचं चाललं होतं. कामावर घेतल्याच्या पहिल्याच दिवशी मी नव्या साहेब लोकांपुढे जाऊन म्हणाले, ती जागा माझ्या भावाची आहे, तो येईपर्यंत मी धरून उभी आहे. फोरमनकाका हसले. साहेब लोक शनिवारपर्यंत थांबतो म्हणाले.

म्हणून हे पत्र हातात पडेल त्याने, भावजी असोत, ताई असो की दुकानात बटणं लावणारी मुलगी असो, आधी दादाला फोन लावा. राखणदाराची जागा मालकाला परत देऊन टाक म्हणावं. तो गेटाचं नाव काढून चिडेल, शिव्या देईल. देऊ द्या. त्याचं बोलून झालं की एवढंच सांगा, जाळ पांढरा झालाय. पण फोन आजच लावा.